कोन चेंडू हिसकावत नाही: फोंडा तालुक्यातल्या एका गटाचं ड्रिबलिंग

प्रकरण असं. फोंडा तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या पटांगणाला लागून काँक्रीटचं बास्केटबॉल कोर्ट आहे. तिथे संध्याकाळी पाचवी ते सातवीची चौदा मुलं सरावाला येतात. नऊ मुली, पाच मुलगे, वयं दहा ते बारा. त्यांच्या पीटी सरांनी वर्षभर मन लावून ड्रिबलिंग, म्हणजे टप्पे मारत चेंडू नेणं, घेतलं होतं आणि सरावात ते दिसतही होतं. दोन्ही हातांनी टप्पे, जमिनीवर ठेवलेल्या सरावाच्या कोनांमधून (शंकूंमधून) नागमोडी, पायांमधून, पाठीमागून. सर समोर उभे राहून बोटं दाखवायचे आणि मुलं टप्पा न चुकवता आकडा सांगायची. बघणाऱ्या पालकांना वाटायचं, आता ह्यांना काय शिकवायचं राहिलं?

सामना सुरू झाला की मात्र हीच मुलं चेंडू मधल्या रेषेपलीकडे नेऊ शकत नव्हती. पहिली डिफेंडर, म्हणजे समोरच्या संघातली अडवणारी, अंगावर आली की मान खाली, पाठ फिरवलेली, चेंडू दोन्ही हातांत घट्ट. खेळ तिथेच अडायचा.

सरांनी मला बोलावलं ते एवढ्यासाठीच. ते म्हणाले, "ह्यांना येतं सगळं. मग सामन्यात जातं कुठे?"

माझं उत्तर पुढे सविस्तर येईलच, पण मुद्दा आधीच मांडतो. मुलांना जे येत होतं ते चेंडू नाचवणं होतं, आणि ते त्यांना उत्तम येत होतं. सामन्यात लागतं ते वेगळं: समोर चेंडू घ्यायला टपलेलं माणूस असताना आजूबाजूचं दिसत राहणं. ह्या वयाच्या मुलांना ड्रिबल शिकवायचं म्हणजे मुख्यतः त्यांची नजर मोकळी करायची. आणि चेंडू जाण्याची भीती ज्या सरावात नसते, त्या सरावात नजर मोकळी होत नाही.

आधी नुसतं बघितलं

सुरुवातीला मी काहीच शिकवलं नाही. गटाचे दोन संघ करून त्यांना खेळू दिलं आणि चेंडू गमावला की कागदावर टिपत गेलो: कोर्टाच्या कुठल्या भागात, कुठल्या हातात असताना, त्या क्षणी मान वर होती की खाली, आणि मुख्य म्हणजे चेंडू नक्की गेला कसा. सगळ्या प्रशिक्षकांनी हे एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण नुसत्या आठवणीवर विसंबलं की "ह्यांचा हात कच्चा आहे" एवढंच हाती लागतं.

कागदावर निघालं ते वेगळंच. चेंडू हिसकावला गेल्याचे प्रसंग कमीच होते. बहुतेक वेळा मुलानं स्वतःच टप्पे थांबवून चेंडू धरला होता, तोही डिफेंडर हातभर लांब असताना. एकदा चेंडू दोन्ही हातांत घेतला की नियमानं पुन्हा टप्पे मारता येत नाहीत. समोरची व्यक्ती मीटरभराच्या आत पवित्रा घेऊन उभी राहिली तर पाच सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल करावं लागतं, आणि धरलेल्या चेंडूला ड्रिबलची वाट आधीच बंद झालेली असते. मग घाबरून कुठेतरी पास फेकायचा. टिपणात "चुकीचा पास" म्हणून जे जे आलं होतं, त्यातल्या बऱ्याच पासांचं मूळ त्याआधीच्या दोन सेकंदांत होतं.

सहावीतली एक मुलगी गटात सगळ्यांत उंच. हात इतका तयार की डोळे मिटून टप्पे मारेल. पण सामन्यात कोणी जवळ आलं की ती हमखास चेंडू पोटाशी धरायची. मी तिला विचारलं, "चेंडू का धरलास गे? अजून ती लांब होती की."

"सर, ती येते ना अंगावर, तेव्हा मला काय दिसतच नाही. फक्त तीच दिसते."

"आणि सरावात सरांची बोटं दिसतात ती?"

"तिथे कोण घ्यायला येत नाही ना."

ह्याहून नेमकं निदान मला करता आलं नसतं. बोटं मोजायच्या सरावात मान वर असते, पण नजरेला काम एकच, तेही ठरलेल्या जागी. मुलं तिथे वर बघायला शिकली होती, पण त्या बघण्यातून काही ठरवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. कोर्टावर बघायचं ते वेगळं. डिफेंडरचा कुठला पाय पुढे आहे, तिच्या मागे जागा आहे का, आपली मैत्रीण कुठे पळते आहे, हे सगळं एका दमात दिसावं लागतं.

बोटांच्या सरावानं एक काम मात्र चांगलं केलं. पाचवीतला एक मुलगा कोर्टाच्या दुसऱ्या टोकावरून आकडा नेहमी चुकवायचा आणि सगळे त्याला हसायचे. मी त्याला चेंडू बाजूला ठेवून नुसतं बघून सांगायला लावलं, तरी चुकला. त्याच्या आईला डोळे तपासून घ्या म्हणून सांगितलं आणि चष्मा लागला. ह्या वयात लांबचं कमी दिसायला लागणं अगदी सामान्य आहे आणि मुलं ते बोलून दाखवत नाहीत. "वर बघ, वर बघ" म्हणून ओरडण्याआधी मुलाला दिसतं का, हे बघायलाच हवं.

चेंडू आणि हात

सामानाचं लवकर उरकतो, पण ते सोडून चालत नाही. शाळेच्या जाळीत मोठ्यांचे ७ नंबरचे चेंडू जास्त होते. त्याचा घेर ७५ सेंटिमीटरच्या वर आणि वजन सुमारे ६०० ग्रॅम. दहा वर्षांच्या मुलाच्या पंज्याला तो पेलत नाही, म्हणून मूल तळहातानं थापट्या मारतं. बारा वर्षांपर्यंतच्या मिनी बास्केटबॉलला ५ नंबरचा चेंडू असतो: घेर साधारण ७० सेंटिमीटर, वजन ४८० ग्रॅमच्या आसपास. आम्ही ५ नंबरचे चेंडू गोळा केले, काही पालकांनी आणून दिले. हवाही तपासली. चेंडू डोक्याच्या उंचीवरून नुसता सोडला तर मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत उसळला पाहिजे. निम्मे चेंडू दगडासारखे फुगवलेले होते आणि एक-दोन मेलेले.

हाताबद्दल माझं बोलणं कमी असतं. बोटांच्या पेरांनी चेंडू ढकलायचा, थापटायचा नाही, चेंडू पायांपुढे नको, मागच्या पायाच्या बाजूला हवा, गुडघे वाकलेले, मोकळा हात कोपरात वाकवून समोरच्याच्या बाजूला. एवढंच. त्यातही "मनगट वाकव, कोपर सैल सोड" असं मी फारसं म्हणत नाही. "जमिनीतून आवाज काढ" म्हणतो. गॅब्रिएल वुल्फ ह्या संशोधिकेनं १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या प्रयोगांत हे वारंवार दिसलं आहे की शिकणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या अवयवावर नेण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर नेलं, तर कौशल्य लवकर बसतं. दहा वर्षांच्या मुलाला कोपर आठवत बसायला सांगितलं की तो ताठरतो. आवाज काढायला सांगितलं की कोपर आपसूक सुटतं.

आवाज हवा ह्याला आणखी एक कारण आहे. चेंडू हातातून सुटून परत येईपर्यंत तो कोणाचाच नसतो. मीटरभर उंचीवरून नुसता सोडला तर जमिनीला लागायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात, अर्ध्या मीटरवरून सुमारे ०.३२. आणि परत वरही यायचं असतं. जोरानं आणि खाली ठेवून मारलेला टप्पा हा पोरका वेळ कमी करतो. मी मुलांना हे आकडे फळ्यावर लिहून दाखवले. सातवीतली मुलं तर लगेच चेंडू गुडघ्याच्या उंचीवर मारून बघायला लागली. मात्र मोकळ्या जागेत पळताना हाच टप्पा कमरेएवढा आणि पुढे हवा, नाहीतर पाय चेंडूच्या पुढे धावतात. कुठे कुठला, हे सांगून समजत नाही. समोर माणूस आलं की समजतं.

ड्रिबल आलं कुठून

मुलांना मी एक इतिहास सांगितला, कारण त्यावरच माझी सगळी मांडणी उभी आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नाइस्मिथ ह्या शिक्षकानं हा खेळ तयार केला. तेव्हाच्या तेरा नियमांत ड्रिबल नव्हतंच. चेंडू घेऊन पळायला बंदी होती, जिथे मिळाला तिथूनच टाकायचा. पहिला सामना तर फुटबॉलनंच खेळले होते, आणि हे ऐकून आमच्या मुलांची कळी खुलली. मग खेळाडूंची अडचण व्हायला लागली: समोरचा असा चिकटायचा की पासच देता यायचा नाही. तेव्हा काही जणांनी चेंडू आपणहून जमिनीवर सोडून पुन्हा मिळवायला सुरुवात केली. ड्रिबल जन्मलं ते अडकलेल्या माणसाची सुटका म्हणून.

आता कोनांची रांग आठवा. तिथे कोणी अडवत नाही, त्यामुळे सुटकेचा प्रश्नच येत नाही. शिवाय चौदा मुलांनी दोन रांगा केल्या की एक मूल टप्पे मारतं आणि सहा जणं उभी राहतात. कोन जागचा हलत नाही, हात पुढे करत नाही, चेंडू हिसकावत नाही. त्याला चुकवायला खाली बघितलं तरी चालतं, किंबहुना खाली बघणंच सोयीचं. म्हणजे ज्या सवयीला आपण सामन्यात ओरडतो, तिला सरावात आपणच खतपाणी घालतो.

निकोलाय बर्नस्टाइन ह्या रशियन शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात कुशल लोहारांच्या हातोड्याचे घाव अभ्यासले होते. हातोडा दर वेळी बरोबर जागी पडायचा, पण खांदा, कोपर, मनगट दर घावाला थोडे वेगळे वागायचे. कौशल्य म्हणजे एकच हालचाल घोकणं नव्हे, एकच प्रश्न दर वेळी थोडा वेगळ्या तऱ्हेनं सोडवणं, असं त्यानं मांडलं. माझ्या मते मुलांच्या ड्रिबलिंगला हे जसंच्या तसं लागू आहे.

पावसातला हॉल

मिरग लागला आणि कोर्ट बंद झालं. आपल्याकडे काँक्रीटवर शेवाळ धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि त्यावर मुलांना पळवणं म्हणजे मनगट मोडून घेणं. पंचायतीचा हॉल संध्याकाळी मिळाला. बास्केट नाही, छत बेताचं, लांबी जेमतेम. माझ्या कामाला हे फार बरं झालं. शॉट मारायची सोयच नाही म्हटल्यावर ड्रिबलिंगलाच सगळा वेळ मिळाला, आणि अरुंद जागेत कोणी ना कोणी अंगावर येतच राहायचं.

पहिला खेळ सोपा. हॉलचा एक चौकोन आखायचा, प्रत्येकाकडे चेंडू, सगळे एकाच वेळी आत. आपला चेंडू चालू ठेवायचा आणि दुसऱ्याचा हातानं उडवायचा. ज्याचा उडाला त्याला बाद करायचं नाही, हे फार महत्त्वाचं. बाद केलं तर ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज आहे तेच मूल भिंतीला टेकून बसतं. उडालेला चेंडू आणायचा, भिंतीशी कच्च्या, म्हणजे सवय नसलेल्या, हातानं थोडे टप्पे मारायचे आणि परत यायचं. पहिल्या संध्याकाळी नुसता गोंधळ झाला. पण त्या गोंधळात मान खाली ठेवून चालत नाही हे कोणाला सांगावं लागलं नाही. मागून कोण येतंय हे बघायला मुलं खांद्यावरून वळून पाहू लागली. वर बघायला त्यांना आता कारण मिळालं होतं.

इथे एक मुलगा सगळ्यांना पुरून उरला. हात त्याचा यथातथाच, सरावात सरांची बोलणीही खायचा. पण कापणी झाली की शेतात अनवाणी फुटबॉल खेळणारा. कोणी जवळ आलं की तो न शिकवता आपलं अंग मध्ये घालायचा, चेंडू लांबच्या बाजूला. मी खेळ थांबवला आणि त्याला पायानं चेंडू राखून दाखवायला लावलं. दोघं त्याच्यामागे लावले, तरी चेंडू मिळेना. मग तेच हातानं. आपल्या मुलांच्या अंगात फुटबॉल भिनलेला असतो, आणि चेंडू व प्रतिस्पर्धी ह्यांच्यामध्ये अंग ठेवणं दोन्ही खेळांत एकच आहे. ज्या मुलाला आपण कच्चा समजत होतो त्याच्याकडून बाकीचे तेरा जण शिकले, ह्याचा त्याच्यावर झालेला परिणाम मी इथे मोजून सांगू शकत नाही. त्यानंतर तो सरावाला सगळ्यांच्या आधी यायला लागला, एवढं सांगतो.

दुसरा खेळ गल्लीचा. खडूनं दोन-अडीच मीटर रुंदीची लांब गल्ली आखली. एकानं ह्या टोकाकडून त्या टोकाला चेंडू न्यायचा, दुसऱ्यानं अडवायचा. सुरुवातीला अडवणाऱ्याचे हात पाठीमागे, फक्त पायानं समोर राहायचं. मग हात मोकळे. मुलांच्या तयारीप्रमाणे गल्ली रुंद किंवा अरुंद करता येते. जो घाबरतो त्याला रुंद, जो सहज जातो त्याला अरुंद. मला ह्यातली ही सोय सगळ्यांत आवडते. एकाच संध्याकाळी, एकाच खेळात, प्रत्येक मुलाला त्याच्या पुरता कठीण प्रश्न देता येतो.

तिसरा खेळ दारांचा. जोडी-जोडीनं कोन ठेवून हॉलभर पाच-सहा दारं केली. तीन जणं चेंडू घेऊन, दोघं रिकाम्या हातानं. दारातून चेंडू नेला की गुण. रिकाम्या हातांचे दोघं फक्त दारात उभे राहून दार बंद करू शकतात. एका वेळी दोनच दारं बंद, बाकी उघडी, पण कुठली ते क्षणाक्षणाला बदलतं. जे सरांच्या बोटांनी साधलं नव्हतं ते इथे साधलं. मुलं लांबचं दार बघून जवळच्या दाराकडे निघाल्याची हूल द्यायला लागली. ती हूल मी शिकवलेली नव्हती.

सरांची हरकत आणि ती का बरोबर होती

पीटी सर हे सगळं बाजूला उभे राहून बघत. वयानं, अनुभवानं माझ्याहून मोठे. एके दिवशी म्हणाले, "राग मानू नका, पण ह्यात मला नुसता दंगा दिसतो. शिस्त कुठे आहे? आणि बघा तुम्ही, सगळी पोरं एकाच हातानं खेळतात. माझ्याकडे दोन्ही हात चालत होते."

शिस्तीबद्दल माझं मत वेगळं होतं आणि आहे. हाताबद्दल ते शंभर टक्के खरं बोलत होते. चेंडू जाईल ह्या भीतीपोटी मूल नेहमी आपला भरवशाचा हात वापरतं, आणि खेळातून शिकवण्याच्या पद्धतीचा हा खरा तोटा आहे. नुसते खेळ देऊन सोडलं तर कच्चा हात वर्षानुवर्षं कच्चाच राहतो. डिफेंडरही ते चार दिवसांत ओळखतात आणि त्या बाजूला सावलीसारखे उभे राहतात.

मग आम्ही दोघांनी मिळून बसवलं. सुरुवातीची दहा मिनिटं सरांची: कच्चा हात, जागेवर, कोनांसकट. त्यानंतर खेळ, पण त्यातही बदल केले. काही दारांतून फक्त डाव्या हातानं गेलं तरच गुण. गल्ली भिंतीला चिकटून आखली, म्हणजे उजव्या बाजूला जागाच उरत नाही. उजवखुऱ्याला डावा हात वापरण्यावाचून गत्यंतर नाही आणि डावखुऱ्यांना दुसऱ्या भिंतीशी. सरांनी घोटून घेतलेला कच्चा हात इथे कामाला आला. तो आधीपासून तयार होता म्हणूनच मुलं इतक्या लवकर धजावली, हे मी सरांना सांगितलं आणि इथेही नोंदवतो. तयार हात नसता तर ह्या खेळांनी मुलं नुसती हिरमुसली असती.

गणेश चवथीच्या सुट्टीनंतर एक प्रयोग केला. गटातला एक मुलगा आरतीला घुमट, म्हणजे मातीचं चर्मवाद्य, वाजवतो. वेगात बदल शिकवायचा होता. ड्रिबल करणाऱ्याचं सगळ्यांत धारदार हत्यार वेग नसतं, वेगातला बदल असतो. मुलानं घुमट घेतलं, संथ लयीत सगळ्यांचे टप्पे, आरती चढते तशी लय चढली की एकदम मुसंडी. मुलांना फार आवडलं, पालकही थांबून बघत. पण टिपणाच्या कागदावर फरक दिसेना. मुलं घुमटाच्या इशाऱ्यावर वेग बदलत होती. सामन्यात तो इशारा डिफेंडरच्या पायांतून वाचावा लागतो: ती सरळ उभी राहिली, टाच टेकली, की निघायचं. तेव्हा घुमट अंग मोकळं करायला ठेवलं आणि वेगाचा बदल पुन्हा गल्लीत नेला.

माघार

ह्या सगळ्यात त्या उंच मुलीचं काय झालं ते सांगायला हवं, कारण गल्लीतही ती अडायची. रुंद केली तरी अडायची. समोरून कोणी आलं की पुढे जाता येत नाही म्हणजे संपलं, असं तिच्या मनात पक्कं होतं. पुढे जाणं किंवा चेंडू धरणं, दोनच वाटा. तिसरी वाट तिला कोणी दाखवलीच नव्हती: मागे येणं.

ह्या वयाच्या मुलांना शिकवताना आपण पुढे जाण्याच्या दहा तऱ्हा दाखवतो, क्रॉसओव्हर (चेंडू झटकन दुसऱ्या हातात नेणं), पायांमधून, गिरकी, आणि माघारीचं ड्रिबल राहून जातं. माझ्या मते ते पहिल्या महिन्यात शिकवावं. तिला मी हळू करून दाखवलं. डिफेंडर दोन हातांवर आली की आडवं वळायचं, खांदा तिच्याकडे. चेंडू लांबच्या हातात, मागच्या पायाशी, गुडघ्याच्या उंचीवर. हनुवटी पुढच्या खांद्यावर, म्हणजे डोळे सगळ्या कोर्टावर. आणि टप्पा न सोडता दोन पावलं मागे, पाय एकमेकांवर न आणता, सरकत. दोन पावलांत समोरचीशी अंतर पडतं, आणि अंतर पडलं की दिसायला लागतं. मग हात बदलायचा किंवा पास.

गल्लीचा नियम तिच्यासाठी बदलला. चेंडू धरायचा नाही. मागे कितीही आलीस तरी चालेल, अगदी सुरुवातीच्या रेषेपर्यंत. ती बराच वेळ नुसती मागेच येत राहिली. समोरची मुलगी कंटाळून म्हणाली, "ही कधी पुढे येतच नाही, सर." येऊ दे म्हटलं. मग एकदा मागे येता येता तिनं बघितलं की समोरची आता सरळ उभी आहे, हात खाली. चेंडू डाव्या हातात गेला आणि ती तिच्या बाजूनं निघून गेली. टोकाला पोचून तिनं मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "सर, मला तिचे पाय दिसले."

अंगाला अंग लागण्याचाही प्रश्न होता. बारा वर्षांच्या मुली ह्या वयात मुलांपेक्षा बऱ्याचदा उंच असतात, वाढीचा वेग त्यांचा आधी चढतो, आणि आपली उंची लपवायला त्या वाकून, अंग चोरून उभ्या राहतात. मिश्र गटात हे अधिक होतं. गल्लीच्या जोड्या मुलींनी आपल्या आपण निवडाव्यात एवढी मोकळीक दिली आणि उंच मुलीच्या आईशी बोलून घेतलं. बाकी वेळानं आपोआप सुटलं.

सामना आणि त्यानंतर

पाऊस सरल्यावर, कोर्ट घासून काढल्यावर, पणजीच्या एका शाळेशी मैत्रीचा सामना ठरला. आमची मुलं हरली. शॉट पडत नव्हते. हॉलमध्ये बास्केटच नव्हती आणि शाळेतली मोठ्यांच्या उंचीची, ३.०५ मीटरवर. मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर असते. पुढच्या वर्षी ती खाली आणायची व्यवस्था करायला हवी, सरपंचांच्या कानावर घातलं आहे.

मी मात्र तोच जुना कागद घेऊन बसलो होतो. चेंडू स्वतःहून धरून अडकण्याचे प्रसंग विरळ झाले होते. जे चेंडू गेले ते आता बहुतेक हिसकावले गेले होते, म्हणजे मुलं काहीतरी करायला गेली आणि समोरचा सरस ठरला. असे चेंडू गेलेले मला चालतात. शेवटच्या सत्रात उंच मुलीला कोपऱ्यात दोघींनी घेरलं. ती आडवी वळली, दोन पावलं मागे सरकली, आणि दोघी तिच्याकडे ओढल्या गेल्यामुळे मोकळी पडलेली मैत्रीण तिला दिसली. पास थोडा उंच गेला, तरी पोचला. कडेला उभे असलेले पीटी सर माझ्याकडे वळून म्हणाले, "माघारीचं ते पुढल्या वर्षी पाचवीपासूनच घेऊया."

चष्म्याच्या मुलाला मागून पट्टा लावला आहे. तो अजून बिचकतो, चष्मा पडेल ह्या काळजीनं मान हलवत नाही. त्याच्यावर वेगळं काम करावं लागेल.

आणि आता तक्रार उलट्या बाजूची आहे. फुटबॉलवाला मुलगा आणि आणखी दोघं चेंडू सोडतच नाहीत. समोरचा चुकवता येतो हे कळल्यावर ते प्रत्येकाला चुकवायला जातात, आणि मोकळा साथीदार हात वर करून उभाच राहतो. ते पाहून काही पालकांनी सरांकडे "कोनांचंच बरं होतं" असा सूर लावला. मला ही अवस्था चांगली वाटते. ज्याला चेंडू राखता येतो त्यालाच सोडायचा केव्हा हे शिकवता येतं. पण ती फार लांबू द्यायची नाही. सध्या गल्ली थोडी रुंद करून त्यात दोघांविरुद्ध एक असा खेळ सुरू केला आहे: चेंडूवाला, त्याचा साथीदार आणि एकच अडवणारा. अडवणारा चेंडूवाल्याकडे पूर्ण वळला की पास, नाही वळला की स्वतः जायचं. दहा मिनिटं कच्चा हात तशीच सरांकडे, आणि टिपणाचा कागद ह्या वेळी सातवीतल्या दोघींकडे दिला आहे. "चेंडू धरला" हा रकाना काढून त्या जागी त्यांनी स्वतःच "मोकळी दिसली, तरी दिला नाही" असा नवा रकाना घातला आहे.